चिकटवलेली काच

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मागच्या गुरुवारी सत्संगात विषय होता क्षमा. आपण सगळ्यांनी माना डोलावल्या, आरती झाली, प्रसाद घेऊन घरी गेलो. पण क्षमा करायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे आम्हाला यंदा एका जुन्या गाडीच्या काचेने शिकवलं. तेच आज तुमच्यापुढे मांडत आहोत.

इंदूरला आमच्या घरी अण्णांची, म्हणजे सासऱ्यांची, जुनी फियाट आहे. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेली. तिच्या पुढच्या दारात मोठ्या काचेच्या पुढे एक छोटी त्रिकोणी काच असते. पन्नाशीच्या पुढच्यांना नक्की आठवेल! एसी नव्हता तेव्हा सगळी मदार तिच्यावरच. थोडी तिरकी उघडली की धावत्या गाडीतली कोंदट हवा बाहेर ओढली जायची, पूर्ण फिरवली की वारा थेट तोंडावर. उन्हाळ्यात उज्जैनला जाताना अण्णा म्हणायचे, "खिडकी लहान, पण गाडीचा श्वास तिच्यातूनच चालतो."

अण्णा गेले, त्या पावसाळ्यात तिथून पाणी आत यायला लागलं. आम्ही काय केलं? सिलिकॉनची ट्यूब आणली आणि काच तिन्ही बाजूंनी चिकटवून टाकली. पाणी दिसेनासं झालं. विषय संपला.

त्याच वर्षी घराच्या वाटणीवरून आमचे हे आणि धाकटे भाऊजी यांचं बिनसलं. तिथेही आम्ही तेच केलं. "यापुढे घरात तो विषय नको," असं ठरवलं. भांडण नाही, वर आवाज नाही. आम्हाला वाटलं, हीच शांती. चार दिवाळ्या एकमेकांच्या दारावरून गेलो, आत मात्र गेलो नाही.

यंदा मुलीचं लग्न ठरलं. ती म्हणाली, मंगल कार्यालयात जाईन तर आजोबांच्या गाडीतूनच. म्हणून मिस्त्री बोलावला. त्याने दाराचं आतलं पॅड काढलं आणि आम्हाला हाक मारली. दाराचा तळ गंजून पोखरला होता! काच आम्ही चिकटवली, पण मधल्या उभ्या पट्टीचं रबर फाटकंच राहिलं होतं, तिथून पाणी झिरपत होतं. दाराच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, तीही मातीने बुजलेली. मिस्त्री म्हणाला, "मॅडम, ऊपर से बंद किया, पानी तो अंदर ही बैठा रहा." ते वाक्य आम्हाला दारापुरतं वाटलं नाही.

मग मोठी काच खाली सोडली, मधली पट्टी सैल केली आणि छोट्या काचेची चौकट मागे कलती करून वर उचलली. सिलिकॉन खरवडायलाच अर्धा दिवस गेला. जुनं रबर वाळलेल्या कुरडईसारखं तुटत होतं. खालची खीळ गंजून घट्ट बसलेली, तिला तेल सोडून रात्रभर ठेवलं. जबरदस्ती केली असती तर काच गेली असती.

एक अडचण उरली. काच बंद करायचा खटका तुटलेला, आणि तसा बाजारात मिळेना. अण्णांनी जुने सुटे भाग बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवले होते, तो डबा भाऊजींकडे. यांनी फोन हातात घेतला, ठेवला, परत घेतला. शेवटी लावला. "अण्णांचा तो डबा आहे का रे?" एवढंच बोलले. संध्याकाळी भाऊजी स्वतः डबा घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी नवं रबर साबणाच्या पाण्याने ओलं करून बसवलं. चौकट दारात उतरवताना एका बाजूने हे, दुसऱ्या बाजूने भाऊजी. राहिला खालच्या स्प्रिंगचा नट. तो सैल राहिला तर काच वाऱ्याने आपोआप मिटते, फार आवळला तर हाताला हलत नाही. थोडा आवळायचा, उघडून पाहायचं, परत थोडा. भाऊजी म्हणाले, "दादा, बस, आता पुरे." चार वर्षांनी आमच्या अंगणात "दादा" ऐकू आलं.

खरं सांगायचं तर वाटणीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. गंजलेला पत्रा कापून नवा जोडला, त्याचा सांधा रंगाखालूनही हाताला लागतो. पण आता बोलणं होतं, कधी वादही होतो. आणि लग्नात भाऊजी मांडवात उभे होते.

गुरुमाउली सांगतात ते आता कळलं. विषय चिकटवून टाकणं म्हणजे क्षमा नव्हे. उघडता यावं आणि नीट मिटताही यावं, ती क्षमा. रोजचं नामस्मरण म्हणजे तळाची भोकं मोकळी ठेवणं. दिवसभरात मनात जे झिरपलं, ते रात्री निघून गेलं पाहिजे. आणि आपला निग्रह त्या नटासारखा हवा. कोणाच्याही शब्दाच्या वाऱ्याने मिटू नये, पण प्रेमाच्या हाताने उघडावा.

या आठवड्याची सेवा एवढीच: आपण कोणती काच चिकटवून ठेवली आहे ते पाहावं आणि त्या माणसाला एक फोन लावावा. मोठं बोलायची गरज नाही. एखादा जुना डबा मागितला तरी चालेल.

जय गुरुदेव 🙏