भोंगा वाजल्यावर

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये एक नेम धरला. संध्याकाळी ७ ला देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास मोबाईल-टीव्ही बंद, मुलांनी अभ्यासाला बसायचं. नेम चांगलाच आहे. तरी सोळा वर्षांच्या पोराचा हात मधेच फोन शोधतो. तेव्हा त्याने स्वतःलाच विचारावं, मला आत्ता नक्की काय हवंय? कंटाळा आलाय, की मित्र मला विसरतील अशी भीती वाटतेय? विचारताना रागावू नये. समर्थ मनाच्या श्लोकांत मनाला आधी सज्जन म्हणून हाक मारतात, मग उपदेश करतात. साडेआठला फोन पुन्हा हातात येणार, तेव्हा थांबवायला भोंगा नसेल. त्या वेळी हाच प्रश्न उपयोगी पडेल. आज आपण मोठ्यांनीही तो स्वतःला विचारून पाहूया.