भंगारातील शिल्प आणि विटाळाचा प्रश्न

शिल्पकला म्हटली की आता दगड, पंचधातू आणि संगमरवर एवढ्यावर गोष्ट थांबत नाही. गंजलेला पत्रा, सायकलचे टायर, फाटकी लुगडी, कोळसा, शेण, कातडे यांतूनही शिल्पे घडतात. आणि पुष्कळदा शिल्प म्हणजे एक मूर्ती नसून खोलीभर केलेली मांडणी असते. १९१७ साली न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनासाठी मार्सेल द्यूशाँ याने मुतारीचे भांडे पाठविले होते. तेव्हा ते मांडले गेले नाही, पण आज त्याच्यावाचून आधुनिक कलेचा इतिहास लिहिला जात नाही. (ते भांडे कोरे होते, दुकानातून आणलेले. वापरलेली भांडी रोज घासणाऱ्या हातांकडे त्या इतिहासाने फारसे पाहिलेले नाही.)

हा विषय आपल्या पाक्षिकात कशाला? तर कोथरूडच्या एका नवदीक्षित कुटुंबात यावरूनच वाद झाला. आई आयुष्यभर कचरा वेचून जगली. मुलगा शिल्पकला शिकतो, आणि तो पोत्यातून पत्रे, दोऱ्या, बाटल्यांची बुचे घरी आणू लागला. आई म्हणाली, "ज्यातून तुला बाहेर काढलं, तेच पुन्हा घरात आणतोस होय रे? बाबासाहेबांनी हेच सांगितलं का?" मुलगा म्हणाला, "आई, धम्मात कुठलीच वस्तू विटाळाची नसते." दोघांनीही आधार घेतला तो धम्माचाच.

आईच्या बोलण्यामागे केवढा इतिहास आहे हे पुणेकरांना सांगावयास नको. याच पुण्यात पेशवाईत अस्पृश्याने गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधून चालावे, असा दंडक होता. 'जातिनिर्मूलन' या आपल्या १९३६ सालच्या भाषणात बाबासाहेबांनी तो जगापुढे मांडला. मडके आणि झाडू, घरोघरी असणाऱ्या या दोन वस्तू. पण त्या माणसाच्या अंगावर बांधल्या की त्या गुलामीचा शिक्का होतात. आणि पेशवाई गेली म्हणून सारे संपले असेही नाही. कोथरूडला आज जेथे मेट्रोच्या गाड्या उभ्या राहतात, त्या जागी पूर्वी शहराचा कचरा डेपो होता. शहराचा कचरा निवडून त्याचे भंगार करणाऱ्यांत मोठा भरणा दलित स्त्रियांचा. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, त्यांना ओळखपत्रे मिळाली, २००८ पासून 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था महानगरपालिकेबरोबर काम करते. तरीही उंबऱ्याबाहेरून कचऱ्याची बादली पुढे सरकविणारा हात अजून कोणाच्या हाताला लागू नये म्हणून जपतो, हे आपण पाहतोच.

आता मुलाचे म्हणणे घेऊ. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी आपल्या लोकांनी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी तळे 'शुद्ध' केले, कशाने? दूध, दही, शेण, गोमूत्र यांनी भरलेल्या १०८ घागरींनी! शेणाने पाणी शुद्ध होते आणि माणसाच्या ओंजळीने ते बाटते, यापेक्षा विटाळ वस्तूत नसतो याचा दुसरा पुरावा कोणता हवा? पुण्याच्या राज्यश्री गुडी या कलावतीने २०१७ साली हेच पंचगव्य आणि पाण्याचे पेले घेऊन एक मांडणी केली आणि तिच्या नावातच पाण्याची जात कोणती, असा प्रश्न विचारला. मनुस्मृतीच्या कागदाचा लगदा करून त्यातूनही त्यांनी शिल्पे घडविली आहेत. २५ डिसेंबर १९२७ रोजी जो ग्रंथ महाडला जाळला गेला, त्याचा येथे लगदा झाला. अशी कला ही चैन आहे असे मला वाटत नाही. तसेच चंद्रपूरकडील खाणकामगाराच्या घरातले प्रभाकर पाचपुते. ते कोळशाने भिंतीवर चित्रे काढतात, आणि तो कोळसा त्यांच्या घराण्याच्या छातीत गेलेला असतो.

मग आई चुकली काय? मुळीच नाही. महाडनंतर मेलेली ढोरे ओढणे आणि मृतमांस खाणे सोडा, असे बाबासाहेबांनी बजावले, ते कातडे ही वस्तू नीच म्हणून नव्हे. ते काम जन्माने गळ्यात पडलेले होते, नाही म्हणण्याची सोय नव्हती, म्हणून. जात ही कामाची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांची वाटणी आहे, हे त्यांचे म्हणणे आपल्याला पाठ आहे. तेव्हा प्रश्न वस्तूचा नाही. ती वस्तू कोणाच्या हातात, कोणाच्या मर्जीने आणि कोणाच्या लाभासाठी आहे, याचा आहे.

येथे पांसुकूल चीवराचा विचार करावा. उकिरड्यावर, स्मशानात टाकलेल्या चिंध्या वेचून भिक्खू आपले चीवर शिवीत. पुढे जीवकाच्या विनंतीवरून तथागतांनी गृहस्थांनी दिलेल्या वस्त्रालाही अनुमती दिली. परंतु नवे कापडसुद्धा तुकडे करून, मगधातील भातशेतांच्या बांधांप्रमाणे जोडून शिवावे, असा नियम राहिला. म्हणजे उंची वस्त्र आले तरी त्याची ठिगळे होणारच. राजगृहाचा सुनीत रस्ते झाडीत असे. त्याला संघात घेतले तेव्हा त्याच्या अंगावर जे चीवर आले, तेच शाक्य राजकुमारांच्या अंगावर होते. चिंधी सर्वांची झाली, तेव्हा तिचा कमीपणा गेला. एकाने चिंधी पांघरून त्यागी म्हणवून घ्यावे आणि दुसऱ्याने तीच पांघरून भंगी म्हणून हिणवले जावे, असे संघात घडले नाही.

नेमके हेच आजच्या कलादालनांत घडते. भंगाराचे शिल्प करणाऱ्याचे नाव भिंतीवर लागते, ते भंगार वेचणारीचे लागत नाही. दालन सुटल्यावर तेथली फरशी पुसणारीचे तर नाहीच. म्हणून त्या कोथरूडच्या मुलाने आपले काम जरूर करावे. मात्र आईच्या हाताचे साहित्य असेल तर शिल्पाखालच्या पाटीवर तिचे नाव घालावे, विकले गेल्यास तिचा वाटा काढावा. आणि तिने नको म्हटले तर घरात ते पोते आणू नये. जिने चाळीस वर्षे नाही म्हणू शकले नाही, तिला निदान घरात तो अधिकार असावा.

यावर काही उपासक विचारतील, उद्या असल्या भंगारातून बुद्धमूर्ती केली तर? तर सांची आणि भारहुत येथील प्राचीन शिल्पांत तथागतांची मानवाकृती नाहीच. रिकामे आसन, पाऊले, चक्र, बोधिवृक्ष एवढ्यावर भागले. मूर्ती टिंगल करण्यासाठी केलेली असेल तर ती सोन्याची असली तरी नको. आदराने केलेली असेल तर पत्र्याची का चालू नये? आपल्या घरोघरी जी पितळी मूर्ती आहे, ती ओतणाऱ्याच्या भट्टीत काय जाते तेही पाहून यावे. फुटके तांबे, गळका नळ, कोणाची तरी देवाची समई, कोणाचा तरी पिकदाणीचा तुकडा, अशी सगळी मोड तेथे एकत्रच वितळते.