नावाची अदब

ऐरोलीत आपल्या मुलांनी व्हिएतनामचं नूडल सूप घरी आणलं. विसाव्या शतकाच्या आरंभी उत्तर व्हिएतनाममध्ये रुजलेल्या या सुपाचा रस्सा दालचिनी-चक्रीफुलाचा, म्हणजे आपल्या बिर्याणीच्या खड्या मसाल्याचा सगाच! चिकन हलाल आहे ना, हे आपण आधी विचारतो. नाव मात्र इंग्रजी स्पेलिंगवरून ‘फो’ ठरतं. मूळ उच्चार ‘फऽ’च्या जवळचा : फातिमामधला फ, पुढे लांबवलेला अ, सूर खाली जाऊन वर येणारा. त्या भाषेत सूर बदलला की अर्थ बदलतो.

‘झुबैदा’ची ‘जुबेदा’ झाली की आपल्याला बोचतं. मग ज्यांचं अन्न खातो, त्यांच्या शब्दाची अदब कुणी राखायची? हलालचा प्रश्न आपल्या ईमानासाठी, नावाचा दुसऱ्याच्या इज्जतीसाठी. सूर साधला नाही तरी नियत पोचते. दोन्ही विचारून मगच बिस्मिल्ला म्हणावं.