थेंबाने गेलेली

१९७२ च्या दुष्काळात मला पहिली नोकरी लागली. बोलायला चमत्कारिक वाटतं, पण आमच्या माणदेशात त्या साली बऱ्याच जणांचं असंच झालं. शेतं पडली, आणि सरकारी कामांवर हजेरी मांडायला पोरं हवी झाली. मी जुनी अकरावी पास, वय २२. गावापासून दोन कोसांवरच्या खडी केंद्रावर मला बसवलं. एक छत्री, एक लाकडी पेटी, हजेरीपट आणि मोजायची टेप एवढंच माझं ऑफिस. समोर माळावर तीनशे माणसं दिवसभर हातोडी चालवायची. दगडाचा तो ठणठणाट रात्री झोपेतसुद्धा कानात राहायचा.

पगार मापावर होता. ज्याचा ढीग मोठा त्याला पैसे जास्त. शंभर घनफूट खडी म्हणजे एक ब्रास. ढिगाची लांबी, रुंदी, उंची घ्यायची, गुणाकार करायचा, पटावर आकडा टाकायचा. हिशेब सोपा होता. अवघड होतं ते ढिगामागं बसलेल्या माणसाकडं बघणं.

एका ढिगामागं एक म्हातारी असायची. बरोबर सून, सात महिन्यांची गरवार, आणि दोन नातवंडं. मुलगा ऊसतोडीला गेलेला, त्याचा पत्ता नव्हता. पुढं सुनेचं येणं बंद झालं आणि ढिगावर म्हातारी एकटीच राहिली. तिच्या हातून काय खडी फुटणार? दिवसभरात दोन-चार पाट्या. मी पटावर थोडं वाढवून लिहायला लागलो. तिचं बघून आणखी दोघींचं, मग एका लंगड्या गड्याचं. असे अकरा ढीग झाले. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसे दिले नव्हते. दिसत होतं म्हणून लिहीत होतो.

महिन्याभरानं वरचे साहेब अचानक आले. जीपमधून उतरले ते टेप घेऊनच. अकराच्या अकरा ढीग कमी भरले. तीनशे माणसांपुढं त्यांनी मला विचारलं, "काय हो कारकून, ही खडी हवेत फोडली का?" माणसं हसली. ज्यांच्यासाठी मी लिहिलं होतं तीही त्यात होती, हे मला आजही आठवतं. चार दिवसांनी मेमो आला. पुन्हा असं झालं तर घरी पाठवू, असा मजकूर होता.

वडिलांना सांगितलं. ते पायरीवर बसून तंबाखू मळत होते. म्हणाले, "अब्रू थेंबानं जाती आन् हौदानं येत न्हाई. आता नीट ऱ्हा." बस, एवढंच. त्यातलं 'नीट' मला माझ्या परीनं कळलं.

पुढच्या पंधरवड्यात मी असा मोजला की साहेबही थक्क व्हावेत. ढीग पोकळ रचलाय का ते काठी खुपसून बघायचं. मोठा दगड निघाला की बाजूला टाकायचा. इंचाला इंच. म्हातारीच्या पंधरा दिवसांचे पैसे आदल्या पगाराच्या निम्म्यावर आले. तिनं ते दोनदा मोजले, पदराला बांधले आणि म्हणाली, "तुमास्नी वरनं बोलणी बसली म्हनं. आसू द्या भाऊसाहेब. तुमचं बी प्वाट हाय." दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. नातवंडांना घेऊन कुठल्याशा भावाकडं गेली, असं मुकादम म्हणाला. मला ती पुन्हा दिसली नाही.

त्याच आठवड्यात साहेब आले, सगळे ढीग मोजून बघितले आणि वहीत 'काम समाधानकारक' असं लिहून गेले. त्या संध्याकाळी मी बाजारातून पावशेर जिलबी घरी नेली. हे मुद्दाम लिहितोय. वाईट वाटलं ते नंतर, फार नंतर. त्या दिवशी मला आनंद झाला होता.

नोकरी संपल्यावर तालुक्याच्या वाचनालयात बसायची सवय लागली. दुष्काळावरचं जे मिळेल ते वाचत असे. तिथं मला सर रिचर्ड टेंपल भेटला. भेटला असंच म्हणतो, कारण वाचताना वाटलं की हा माणूस आपल्या ओळखीचा आहे.

१८७३-७४ साली बिहारात दुष्काळ पडला. निवारणाची जबाबदारी टेंपलवर आली, आणि तो बंगालचा लेफ्टनंट गव्हर्नरही झाला. ह्या गड्यानं हात आखडला नाही. सरकारनं ब्रह्मदेशातून साडेचार लाख टनांच्या आसपास तांदूळ आणवला. गावोगाव धान्य पोचवलं, कामं काढली, ज्यांच्यानं काम होत नव्हतं त्यांना नुसतं वाटलं. त्या दुष्काळात भूकबळी फारच थोडे झाले. एकोणिसाव्या शतकातल्या दुसऱ्या कुठल्या मोठ्या दुष्काळाबद्दल असं म्हणता येणार नाही.

पण शेवटी लाखभर टन तांदूळ शिल्लक राहिला आणि तो तोट्यात विकावा लागला. खर्च साठ लाख पौंडांच्या पुढं गेला. मग विलायतेत आणि सरकारात ओरड झाली: हा माणूस उधळ्या आहे, ह्यानं नको तितकं खरेदी केलं, लोकांना फुकट खायची सवय लावली. माणसं जगली ही गोष्ट हिशेबाच्या वहीत कुठंच दिसत नव्हती. उरलेला तांदूळ मात्र दिसत होता.

दोन-अडीच वर्षांनी, १८७६ च्या पावसानं दगा दिला आणि दख्खन, कर्नाटक, मद्रास सगळं होरपळलं. १८७७ च्या जानेवारीत दिल्लीला व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करणारा दरबार झाला. त्याच महिन्यात व्हाइसरॉय लिटननं टेंपलला खास प्रतिनिधी म्हणून दक्षिणेत पाठवलं. हुकूम काटकसरीचा होता. आणि ज्याच्या नावावर उधळपट्टीचा शेरा होता त्याच माणसानं दुष्काळी कामावर राबणाऱ्या गड्याला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसा, असा दर बसवला. एक पौंड म्हणजे साधारण अर्धा शेर. दिवसभर माती उपसायची आणि अर्धा शेर धान्यावर राहायचं. पुढं ह्या मापाला त्याचंच नाव चिकटलं.

मद्रास इलाख्याचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी हरकत घेतली, एवढ्या अन्नावर राबणारा माणूस टिकणार नाही असं बजावलं. आमच्या मुंबई इलाख्यात तर हजारो मजुरांनी कमी मजुरीवर राबायचं नाकारलं आणि कामं सोडून दिली. पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूनं उभी राहिली. गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक सार्वजनिक काका म्हणत, त्यांच्या ह्या सभेनं गावोगावची हकिकत गोळा करून सरकारला अर्जांवर अर्ज केले. मद्रासला काही महिन्यांत दर वाढवावा लागला. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. दोन वर्षांत इंग्रजी मुलखात पन्नास लाखांवर माणसं गेली. ती सगळी एका पौंडानं मारली असं म्हणणं खोटं ठरेल. पटकी होती, ताप होता, धान्याचे भाव होते, परदेशी जाणारं धान्य होतं. पण जिथं सरकारचा हात पोचला होता तिथंही तो अर्धाच उघडला, एवढं नक्की.

टेंपल मात्र १८७७ सालीच मुंबईचा गव्हर्नर झाला.

त्याच्या मनात काय होतं हे मी कसं सांगणार? त्याला वरून हुकूम होता हेही खरं. मनातलं कागदावर येत नाही. पण कशानंतर काय झालं हा क्रम कागदावर आहे: आधी सढळ हात, मग शेरा, मग आखडलेला हात, मग बढती. तो क्रम वाचताना मला माझी पेटी दिसली, टेप दिसली आणि ती पावशेर जिलबी दिसली. तो केवढा, मी केवढा. मरणाच्या हिशेबात तर तुलनाच नाही. पण पायवाट एकच होती.

मग मी स्वतःशी विचार करत बसलो की चूक म्हणजे काय. वाटप करणाऱ्या माणसाच्या हातून दोन तऱ्हेच्या चुका होतात. एक, ज्याला नको त्याला दिलं जातं. दुसरी, ज्याला हवं त्याला मिळत नाही. पहिली चूक वहीत राहते, तिची रक्कम निघते, तिच्यावर मेमो येतो. दुसरी वहीत नसतेच. ती पदराला गाठ मारून माळावरून निघून जाते, आणि पटावर तिच्या नावापुढं फक्त 'गैरहजर' असं लागतं. आता ज्याची अब्रू कागदावर टांगलेली आहे तो माणूस कुठली चूक टाळेल? त्याला दुष्ट असायचीसुद्धा गरज नाही. तो फक्त नीट राहिला की झालं.

ह्यावर कुणी म्हणेल, आणि बरोबर म्हणेल, की पैसा सरकारचा म्हणजे सगळ्यांचा. खोटं माप लिहायचा अधिकार तुला कुणी दिला? शेजारच्या ढिगावरच्या बाईनं खरोखर ब्रासभर खडी फोडली, तिच्यावर हा अन्याय नाही का? मला हे मान्य आहे. साहेबांनी मला पकडलं त्यात त्यांचं काही चुकलं नाही. माझं पहिलं माप खोटंच होतं.

पण मग दुसरं माप खरं होतं का? इंचाला इंच होतं. तरी त्यातून एक गोष्ट वगळली होती: ही बाई म्हातारी आहे, हिच्यानं एवढं फुटणार नाही, आणि घरी खाणारी तोंडं चार आहेत. हे मला ठाऊक होतं आणि ते मी कुठंच लिहिलं नाही. पहिल्यांदा दयेपोटी खोटं लिहिलं, दुसऱ्यांदा भीतीपोटी खरं दडवलं. तिसरी वाट होती. एक साधा अर्ज, माझ्या सहीचा, की ह्या अकरा माणसांना मापाचं काम झेपत नाही, त्यांना पाणी वाटायला, पोरं सांभाळायला लावा आणि रोजावर घ्या. साहेबांनी तो फेकून दिला असता कदाचित. कदाचित घेतलाही असता, ते काही राक्षस नव्हते. पण अर्ज म्हणजे आपलं नाव पुढं करणं. वाढवलेल्या आकड्यात माझं नाव झाकलेलं होतं, आणि इंचाच्या मापातही ते झाकलेलंच राहिलं.

टेंपलला तर मोठाच मान मिळवता आला असता. बिहारात उरलेल्या तांदळाबद्दल त्यानं ठणकावून सांगायला हवं होतं, की पाऊस पुढं काय करील ते आधी कुणाला ठाऊक नसतं, म्हणून थोडं उरणार, आणि ते उरणं हीच माणसं जगण्याची किंमत आहे. तो त्याच्या आयुष्यातला सगळ्यात खरा हिशेब होता. उधळेपणाचा शेरा पुसायच्या नादात त्यानं आपलं चांगलं कामच चूक म्हणून कबूल केलं, आणि दुरुस्ती दुसऱ्यांच्या पोटावर केली.

आपल्याकडं म्हणतात, जनाची नाही तर मनाची तरी. मी ती म्हण लहानपणापासून ऐकत आलो, पण तिच्यात दोन वेगळ्या अब्रू आहेत हे मला साठीनंतर कळलं. जनाची गेली तर लोक हसतात, मेमो येतो, आणि ती परत मिळवायला माणूस जिवाचा आटापिटा करतो. मनाची जाते तेव्हा आवाज होत नाही. उलट त्या दिवशी जिलबी खाल्ली जाते. वडील थेंबाचं बोलले ते खरंच होतं. फक्त माझा थेंब कुठं सांडला हे मी चुकीच्या जागी शोधत होतो. मला वाटत होतं, तो साहेबांच्या टेपेखाली सांडला. तो सांडला होता पंधरा दिवसांनंतर, म्हातारी पैसे दुसऱ्यांदा मोजत होती तेव्हा.

आणि ती तरी काय म्हणाली? तुमचं बी प्वाट हाय. तिनं मला सुटायला वाट करून दिली. शिवी दिली असती तर कदाचित मी विसरलो असतो.

एक गोष्ट राहिली. त्या माळावर आम्ही मोजून रचलेली खडी रस्त्यासाठी होती. रस्ता पुढं मंजूर व्हायला बरीच वर्षं गेली. तोवर ते ढीग तसेच पडून होते. त्यांच्यातून बोराटीची झुडपं उगवली, पोरं त्यावर खेळायची, सरडे ऊन खायचे. बाजाराला जाताना मी त्या बाजूनं जायचो. म्हातारीचा ढीग कुठला ते मला लांबून ओळखू यायचं, कारण सगळ्यांत तोच बुटका होता.