अंश आहे, छेद कुठे आहे?

पावसाळा लागला की मावळात कुठेतरी माणसे वाहून जातात आणि पाठोपाठ एक निदान हमखास ऐकू येते: रील आणि सेल्फीच्या नादाने तरुण पिढी जिवाला मुकते आहे. हे निदान आता इतके रुळले आहे की धोकादायक ठिकाणी सेल्फी आणि रीलला मनाई करणारे आदेशही निघतात. माझा या निदानाला विरोध आहे. मला रील करणाऱ्यांचा कैवार घ्यायचा नाही. पण निदान चुकले की उपाय चुकतो आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा कुणाचे तरी मूल वाहून जाते. दोन घटना पाहा. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यात चार मुले होती. वरच्या रानातला पाऊस बघता बघता खाली उतरला आणि प्रवाहाच्या मध्यावर ही माणसे एकमेकांना धरून उभी राहिली. मोबाइल होता तो काठावरच्या लोकांच्या हातात. त्यांनी टिपलेले दृश्य देशभर पसरले, म्हणून ही घटना आपल्या स्मरणात राहिली. १५ जून २०२५ रोजी इंदोरीजवळ कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळून चार जण दगावले. तो पूल आधीच धोकादायक ठरलेला होता, नव्या पुलाला मंजुरीही मिळालेली होती. तरीही चर्चा रंगली ती पुलावर फोटो काढणाऱ्या गर्दीची.

सेल्फीबळींचा जो आकडा नेहमी पुढे केला जातो, तो दिल्लीच्या एम्समधील संशोधकांच्या २०१८ च्या अभ्यासातला आहे. ऑक्टोबर २०११ ते नोव्हेंबर २०१७ या काळात जगभरात २५९ मृत्यू, त्यांत सर्वाधिक भारतात. बुडून झालेले त्यांतले ७०. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांप्रमाणे त्या काळात एकट्या भारतात दरवर्षी साधारण तीस हजार माणसे बुडून मरत होती. यावर रास्त आक्षेप असा की सरकारी नोंदीत सेल्फीचा रकानाच नसतो. हा अभ्यास बातम्यांवर आधारलेला आहे, त्यामुळे त्याच्या कर्त्यांनीच आकडा कमी असल्याचे मान्य केले आहे. आक्षेप मान्य. जगभरातला बुडालेल्यांचा सत्तरचा आकडा दहापट वाढवू आणि तो सगळा भारताच्या खात्यावर घालू. तरी सहा वर्षांत बुडालेल्यांत तो अर्ध्या टक्क्यालाही पोचत नाही.

इथे मला पांडुरंग सुखात्मे आठवतात. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले, फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले आणि पुढे जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झालेले सुखात्मे. शेतातला एक तुकडा कापून पिकाचा उतारा काढताना तो तुकडा फार लहान घेतला तर उतारा फुगतो, हे त्यांनी १९४६ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडले. कारण साधे आहे. कापणारा माणूस कडेवरची रोपे आत धरतो, आणि लहान तुकड्यात क्षेत्राच्या मानाने कड मोठी असते. कुणी लबाडी केलेली नसते. चूक पद्धतीतच असते आणि ती सतत एकाच बाजूला झुकते. बातम्यांमधून मृत्यू मोजणे म्हणजे असा लहान तुकडा कापणे आहे. हातात मोबाइल असलेला मृत्यू रेषेच्या आत ओढला जातो. गुरे धुताना घसरलेला शेतकरी किंवा विहिरीत पडलेले मूल रेषेबाहेर राहते. एवढ्या लहान तुकड्यावरून साऱ्या शिवाराबद्दल बोलू नये, ही सुखात्म्यांची शिस्त आपल्या सार्वजनिक चर्चेने अजून उचललेली नाही.

या शिस्तीने पुढे गेले की मात्र रीलही सुटत नाही. वरच्या दोन्ही घटना रविवारच्या. रविवार जास्त घातक असतो की रविवारी माणसेच जास्त असतात? दगावलेले हा अंश आपण मोजतो. किती जण आले, हा छेद कुठेच नसतो. छेद हाती आला तर रीलचा खरा परिणाम दिसेल, असे मला वाटते. सह्याद्रीत पावसाळी ओढे शेकड्यांनी आहेत, पण पडद्यावर गाजतात ती मोजकीच ठिकाणे, आणि पुण्या-मुंबईची गर्दी एकाच दुपारी तिथे लोटते. रील काढणाऱ्यापेक्षा ते पाहून आलेल्या हजारो माणसांचा धोका मोठा आहे. मग प्रश्न सवयीचा न राहता गर्दीच्या वाटपाचा होतो, आणि गर्दीचे वाटप हे प्रशासनाचे काम आहे.

कुणी म्हणेल, माणसे मरत असताना हिशेब कसले मांडता? हिशेब नसल्यामुळेच दरवर्षी तोच आदेश निघतो आणि त्याने काय साधले हे कुणालाच सांगता येत नाही. लोणावळा स्थानकावर उतरणारे प्रवासी, द्रुतगती मार्गावरचा टोल, वाहनतळांच्या पावत्या यांतून छेदाचा अंदाज बांधता येतो. प्रत्येक दुर्घटनेची जागा, वेळ, वरच्या पाणलोटातला पाऊस, माणूस स्थानिक की पाहुणा आणि तो त्या क्षणी काय करत होता, एवढ्या पाच गोष्टी जिल्हा प्रशासनाने नोंदवाव्यात आणि दर पावसाळ्याअखेर जाहीर कराव्यात. शिवदुर्ग मित्रसारख्या बचाव पथकांपाशी या माहितीचा मोठा भाग अनुभवाने आहेच. तो कागदावर आणला पाहिजे. तोवर वाहून गेलेल्यांच्या माथी नाद आणि बेशिस्त मारण्याचा अधिकार आपल्यापैकी कुणालाही नाही.