माघारीचा अपुरा हिशेब

लोकांना नकोसे झालेले परदेशातले युद्ध कसे आटोपावे, याचा विचार आपण बहुधा आपल्या सैनिकांपुरता करतो. ते सुखरूप घरी यावेत, ही इच्छा रास्तच आहे. पण जिथे फौज जाते, तिथे तिच्या शब्दावर विसंबून काही माणसे उभी राहतात. त्यांची सोय लागेपर्यंत माघार पुरी होत नाही.

भारताने हे श्रीलंकेत पाहिले. 29 जुलै 1987 च्या भारत-श्रीलंका करारानंतर भारताची शांतिसेना वेगळ्या तमिळ राज्यासाठी लढणाऱ्या तमिळ वाघांची (एलटीटीई) शस्त्रे उतरवून घ्यायला गेली आणि ऑक्टोबरपासून त्यांच्याशीच लढू लागली. सुमारे 1200 जवान कामी आले. कोलंबोला फौज नको होती, तमिळनाडूत तिच्याविषयी रोष होता. 24 मार्च 1990 रोजी अखेरची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली. निघणे योग्यच होते. आणखी राहून जीव तेवढे गेले असते.

उणीव राहिली ती तयारीत. श्रीलंकेच्या तमिळबहुल ईशान्य प्रांताचे मुख्यमंत्री वरदराज पेरुमाळ यांचे सरकार भारताच्या आधारावर टिकून होते. फौज गेल्यावर त्याला कोणी वाली उरणार नाही म्हणून घाईघाईने 'तमिळ राष्ट्रीय सेना' उभारली गेली. तीत कित्येक कोवळी पोरे जबरदस्तीने भरली होती. शांतिसेना मागे सरताच वाघांनी ती मोडून काढली. पेरुमाळ भारतात आले. त्यांच्या पक्षाचे नेते पद्मनाभा यांना वाघांनी जून 1990 मध्ये मद्रासमध्ये गाठून मारले.

म्हणून निघणाऱ्या देशाने आधी काही गोष्टी कराव्यात. ज्याच्या हाती बंदूक द्यायची, तो आपण गेल्यावर तिच्या बळावर जगेल की तिच्यापायी मारला जाईल, हे पाहावे. ज्यांच्या जिवाला धोका आहे त्यांना कुटुंबासह आधी बाहेर काढावे. आणि मदतीचा हात फौजेबरोबरच आखडून घेऊ नये. सोव्हिएत फौजा फेब्रुवारी 1989 मध्ये अफगाणिस्तानातून निघाल्या, तरी मॉस्कोची रसद चालू होती तोवर तिथले नजीबुल्लांचे सरकार तगले. ती आटल्यावर एप्रिल 1992 मध्ये ते कोसळले.

परतीची तारीख जाहीर करणाऱ्या सरकारला संसदेने त्याच दिवशी विचारावे: आपल्या बाजूने उभ्या राहिलेल्यांची यादी केली आहे का, आणि त्यांच्यासाठी काय ठरवले आहे?