दयेचे आणि न्यायाचे माप

रत्नागिरीत जुम्याच्या नमाजनंतर एका तरुणाने विचारले, “मौलाना, औषध गरिबाला मिळावे म्हणून पेटंटच्या निर्णयात थोडे झुकते माप दिले, तर काय बिघडले?”

प्रश्न दयेपोटी होता, म्हणूनच अवघड होता. पवित्र कुरआनच्या सूरह अन-निसामध्ये श्रीमंत आणि गरीब या दोघांच्याही बाबतीत न्यायावर स्थिर राहण्याची आज्ञा आहे. पेटंट म्हणजे शोधावरील ठरावीक मुदतीची मक्तेदारी. त्या विषयाच्या जाणकाराला जे सहज सुचले असते, त्यावर ती मिळत नाही. परंतु हे ठरवायचे अर्जाच्या वेळी उपलब्ध असलेल्या ज्ञानावरून. कोडे सुटल्यावर उत्तर सर्वांनाच सोपे वाटते.

२०१९ मध्ये मुंबईच्या नंदिता वेंकटेसन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी बेडाक्विलिन या क्षयरोगावरील औषधाच्या क्षारासाठी जॉन्सन अँड जॉन्सनने केलेल्या अर्जाला हरकत घेतली. क्षयाच्या जुन्या औषधांनी दोघींची श्रवणशक्ती हिरावली होती. पेटंट मिळाले असते, तर मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती. २३ मार्च २०२३ रोजी मुंबईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. मूळ संयुग आधीच ज्ञात होते आणि औषधाचा क्षार बनवणे ही परिचित रीत होती. हरकतीचा आधार रुग्णांचे अश्रू नव्हते; पूर्वीचे ज्ञान होते.

आता तेच माप दुसऱ्या बाजूला लावू. दुर्बल हृदयात विषाणूमार्फत विशिष्ट जनुक पोहोचवले की त्याला बळ येईल, ही आशा प्राण्यांवरील प्रयोगांनंतर स्वाभाविक वाटत होती. तरीही २५० रुग्णांवरील ‘क्युपिड-२’ चाचणीत २०१५ साली लाभ दिसला नाही. उद्या कोणी हाच अडसर खरोखर दूर केला, तर ‘यात नवे ते काय?’ असे घाईने म्हणणे ही खोटी साक्ष ठरेल, मग ती गरिबाच्या कळवळ्याने का दिलेली असेना.

मग दयेला जागा कोठे? जकात आहे, सदका आहे. कायद्यातही सक्तीचा परवाना आहे. २०१२ मध्ये कर्करोगावरील एका महागड्या औषधासाठी भारताने तो प्रथमच दिला. तेथे शोधकाचा शोध नाकारला जात नाही, त्याला मोबदला मिळतो आणि औषधही रुग्णापर्यंत पोहोचते.

त्या तरुणाला मी एवढेच सांगितले : दया आपल्या पदरचे देऊन करावी, तराजूची दांडी वाकवून नव्हे. ती दांडी एकदा वाकली, की उद्या ती गरिबाविरुद्धही वाकेल. आणि तिचा हिशेब अल्लाहसमोर द्यावाच लागेल.